अंगणाच्या मधोमध

माझा हात अजून शेणात होता. शेवटचा पट्टा ओढायचा राहिला होता. तेवढ्यात गावच्या मोठ्या बागायतदारांचा, भाऊंचा पुतण्या तांब्या घेऊन आला. वरच्या पायरीवर उभा राहिला आणि मी सारवून संपवलेल्या अंगणावर आंब्याच्या टहाळ्याने गोमूत्र शिंपडायला लागला.

मला वाटलं, पूजेचं काही असेल.

"काय ता?" मी विचारलं. विचारलं म्हणजे पुटपुटले. मी मोठ्याने बोलणारी बाई नाही.

तो हसला. वाईट नाही हसला. लहान पोराने काही वेडंवाकडं विचारलं की आपण हसतो, तसा.

"अगो, शुद्ध करून घ्यायला नको? पूजा आहे इथे."

मी उकिडवी तशीच बसून राहिले. शेण गाईचं. माती भाऊंच्या बागेतली. पाणी गावच्या नळाचं. यातलं अशुद्ध काय होतं? एक माझा हातच उरतो.

मागून भाऊ आले. नवं धोतर, खांद्यावर उपरणं. माझ्याकडे न बघता अंगणाकडे बघत म्हणाले, "झालं ना तुझं? मग तिकडूनच खाली उतर. आता वर येऊ नकोस. पावलं उमटतील."

मी उतरले. खाडीच्या पाण्यात हात धुतले. खाडीचं पाणी खारट, शेणाचा वास जात नव्हता. वर सनई लागली. मोठे पाहुणे आले, फीत कापली, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. आम्ही खालच्या वाडीतली माणसं धक्क्यावर उभी राहून बघत होतो. अंगण मी केलं होतं. आणि त्या अंगणात एकट्या माझ्याच पावलाची सगळ्यांना भीती होती.

हे का झालं ते सांगायचं तर आधी ती जागा सांगायला हवी.

आमचं गाव खाडीच्या काठाला. पलीकडच्या गावाला जायला तर, म्हणजे होडी असते, तिचा दगडी धक्का. धक्क्याच्या वरच्या अंगाला मोकळी जमीन आणि तिच्या कडेला उंडीचं जुनं झाड. त्या झाडाच्या सावलीत आम्ही बसायचो. आमच्या वाडीतल्या चारपाच बायका. ओहोटीला खाडीत उतरायचं, चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढायच्या, कालवं फोडायची आणि पाटीवर वाटे लावून तरीची वाट बघायची. तरीतून उतरणारा माणूस घरी काहीतरी घेऊन जायचाच. भागीकाकी सगळ्यांत म्हातारी, तिची जागा खोडाला टेकून. माझी तिच्या शेजारी. तिथे कोणी आम्हाला ऊठ म्हणालं नव्हतं. गावात तेवढी एकच जागा होती.

आमची वाडी बौद्धांची. गाव अजून खालची वाडी म्हणतं. माझ्या सासऱ्यांच्या पिढीने धर्म बदलला तेव्हा गावकीची सगळी कामं सोडली. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. सणाला वाजवणं सोडलं. पाऊस संपला की बागायतदारांच्या घरी जाऊन त्यांची अंगणं करायची, खणायची, चोपायची, सारवायची, तेही सोडलं. सोडलं म्हणून दोन वर्षं वाडीला कोणी कामाला बोलावलं नाही. सासरे सांगायचे, "त्या दोन वर्सांत आमी कंदमुळा खाल्ली, पण हात नाय लावला." मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकत होते. स्वतःच्या घराचं अंगण मी सारवायची. दुसऱ्याचं कधी नाही.

कोकण रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुण्याची माणसं आमच्याकडे फिरायला यायला लागली. मग तीनचार वर्षांनी गावाला पर्यटनाचं अनुदान मिळालं. धक्क्यावरच्या मोकळ्या जमिनीचं काहीतरी करायचं होतं. भाऊ समितीचे अध्यक्ष झाले. कलमांच्या मोठ्या बागा त्यांच्याच, त्यामुळे दुसरं कोणी होईल असं कोणाला वाटलंही नाही. मुंबईहून एक मॅडम आल्या. तरुण, खादीचा कुर्ता, पायात साध्या चपला. शाळेच्या पडवीत सगळ्या गावाला बोलावलं, आमच्या वाडीलासुद्धा. मॅडम म्हणाल्या, "ही जागा तुमची आहे. ती कशी असावी हे तुम्हीच ठरवायचं." प्रत्येकाला एकेक रंगीत कागद दिला. काय हवं ते लिहा नाहीतर चित्र काढा.

मी चौथी शिकलेली. पेन हातात धरून किती वर्षं झाली होती. बाकीच्या बायका मला ढोसत होत्या, "लिव गो, तुला येतंय." मी लिहिलं, सावली. त्याच्या खाली लिहिलं, पाणी. धक्क्यावर प्यायचं पाणी नव्हतं, तहान लागली की वाडीत जावं लागायचं, म्हणून.

मॅडमनी माझा कागद उचलून सगळ्यांना वाचून दाखवला. "सावली, पाणी! किती सुंदर. मावशी, ही तर कविता झाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर तोंडाला लावला. मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू.

मग ठरलं की जुन्या कोकणी घराचं असतं तसं मोठं अंगण करायचं. चोपलेलं, सारवलेलं, वर मांडव, भोवती दगडांचा बुटका गडगा. आलेल्या माणसाला जुनं गाव दिसलं पाहिजे. कडेला एक फलक, त्यावर गावातल्या प्रत्येक वाडीची कला. कुंभारांची मडकी. सुतारांचे नांगर. वरच्या आळीची पक्वान्नं. फलकाचं बोलणं चाललं होतं आणि त्यात आमच्या वाडीचं नाव येत नव्हतं. तेव्हा आमच्यातला एक जण उठला. चांगला माणूस, वाडीसाठी झटणारा. हात जोडून म्हणाला, "भाऊ, आमच्या वाडीचा पण कायतरी घ्या. आमी पण गावातलेच."

इथे चूक झाली. आम्ही मागून घेतलं.

भाऊ म्हणाले, "घेऊ की. अंगण करण्यात तुमच्या बायकांचा हात कोण धरणार? पिढ्यान्‌पिढ्या तुम्हीच करत आलात. आणि वाजवणं पण." मॅडमनी लगेच लिहून घेतलं. त्यांना बिचारीला काय ठाऊक. त्या म्हणाल्या, "म्हणजे ही परंपरा अजून जिवंत आहे!"

सासऱ्यांनी उपाशी राहून जे मारलं होतं, ते त्या पडवीत जिवंत झालं. आणि आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. फलकावर वाडीचं नाव येणार होतं.

काम माझ्यावर आलं कारण माझं सारवण एकसारखं उतरतं, असं बायकांनीच सांगितलं. माझा नवरा तेव्हा लोट्याला, एमआयडीसीतल्या कंपनीत हंगामी कामाला होता. सुट्टीला आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कर. ही सरकारी योजना हाय, गावकी न्हवं. रोजावर काम हाय." मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

एकटी भागीकाकी बोलली. कालवं फोडता फोडता, मान वर न करता. "नाव बदललान म्हनून शेण बदलला काय गो?"

मी पाटीवर वाटे लावत राहिले.

आणि मग त्या उद्घाटनाच्या दिवशी ते झालं, जे मी पहिल्यांदा सांगितलं.

सारवण ज्याने केलंय त्याला कळेल. सारवताना माणूस पुढे जात नाही. उकिडवं बसायचं, समोर हाताने पट्टा ओढायचा आणि मागे सरकायचं. पुन्हा पट्टा, पुन्हा मागे. ओल्यावर पाय पडता कामा नये. म्हणून ज्या टोकाला बाहेर पडायचं, त्या टोकाकडे पाठ करून काम करायचं. सगळं सारवून झालं की सारवणारी बाई आपोआप बाहेर असते. तिला कोणी काढावं लागत नाही. आपल्या हाताने ती आपल्याला बाहेर काढते. घरी इतकी वर्षं मी हेच केलं होतं, पण घरी वाळल्यावर आत येता यायचं. इथे वाळल्यावर दोरी आली.

गडग्याच्या फटीला काथ्याची दोरी बांधली. उंडीचं झाड दोरीच्या आत गेलं. तिथे सिमेंटचा ओटा झाला, पाहुण्यांना बसायला. पाणी आलं. माझ्या कागदावरचं पाणी. मातीचा रांजण, पितळेचा डाव, दोरीच्या आत. आम्ही पहिल्या दिवशी पाट्या घेऊन गेलो तेव्हा भाऊंच्या पुतण्याने सांगितलं, "इथे नाही बसायचं. वास येतो. पाहुणे येतात." आम्ही धक्क्याच्या कडेला उन्हात बसायला लागलो. तिसऱ्या उन्हात टिकत नाहीत, तोंड उघडतात. दुपारपर्यंत अर्धी पाटी टाकून द्यावी लागायची. भागीकाकी एका उन्हाळ्यात यायची थांबली. पुढे ती गेली. उन्हाने गेली असं मी म्हणत नाही. वय झालं होतं. पण खोडाला टेकायची तिची पाठ शेवटपर्यंत टेकायला काही शोधत होती, हे मी पाहिलंय.

मी पुढच्या वर्षी पुन्हा सारवायला गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वेळी खालच्या टोकाने बाहेर. दर वेळी वरून गोमूत्र. एकदा मी त्या पुतण्याला म्हणणार होते की माझ्यासमोर तरी नको. जिभेवर आलं होतं. पण मला बोलता येत नाही. लहानपणापासून माझा आवाज घशातच राहतो. शाळेत गुरुजी विचारायचे आणि मला उत्तर येत असायचं आणि मी खाली बघायची. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा कोणाला कळलंसुद्धा नाही.

माझी मुलगी माया तशी नव्हती. ती आठवीत होती. फटकन बोलायची. मी सारवायला निघाले की दारात उभी राहायची. "आये, तू कशाला जातंस गो? ती लोका तुला पाणी तरी देतात काय?" मी म्हणायची, "गप. अभ्यास कर."

तिसऱ्या वर्षी की चौथ्या, मोठे पाहुणे येणार होते. दुसऱ्या जिल्ह्यांतली माणसं आमचं अंगण बघायला येणार होती, कसं केलं ते शिकायला. मॅडमही येणार होत्या. भाऊ स्वतः वाडीत आले. आमच्या दारापर्यंत. आत आले नाहीत, अंगणात उभे राहिले. म्हणाले, "या वेळी पाहुण्यांसमोर सारवायचं. आणि मुलीला घेऊन ये. आई शिकवते, मुलगी शिकते, असं दिसलं पाहिजे. फोटो चांगला येतो."

मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. नुसती हलली. भाऊ हो समजले. माझ्या मानेचा अर्थ नेहमी दुसरेच लावत आले.

नवरा म्हणाला, "एक दिवसाचा काम. फोटो काढतील नि सोडतील." वाडीतले म्हणाले, "समाजमंदिराच्या पत्र्याचं भाऊ बघतो म्हणालेत. नाय नको बोलू." माया काही बोलली नाही. ती गप्प राहिली हे मला जास्त लागलं. ती माझ्यासारखी गप्प राहिली.

सकाळी आम्ही गेलो. मायाला नऊवारी नेसवली होती, समितीनेच दिली होती. मोठी होत होती, ओच्यात पाय अडकत होते. शेण कालवून ठेवलं होतं. पाहुण्यांच्या गाड्या यायच्या होत्या, त्याआधी एकदा बघून घेऊ म्हणून भाऊंच्या पुतण्याने मायाला वरच्या टोकाला बसवलं. "हं, हात फिरव. छान. आता मागे सरक. अजून मागे. खाली बघ, समोर नको बघूस. अजून मागे."

माझी मुलगी मागे सरकत होती. मान खाली घालून, बाहेरच्या बाजूला पाठ करून. तिला कोणी ढकलत नव्हतं.

मी तिच्याजवळ गेले. तिचं मनगट धरलं. शेण माझ्या साडीला लागलं.

"माया, ऊठ. हात धू. घरी जा."

"आये..."

"जा म्हंटला ना."

ती गेली. खालच्या टोकाने नाही. वरच्या पायरीवरून, सगळ्यांच्या समोरून, ओचा धरून. तिची पावलं तेवढ्या ओल्या पट्ट्यावर उमटली.

पुतण्या ओरडला, "अगो, कुठे पाठवलीस तिला? तासाभरात गाड्या येतील." आणि तो भाऊंना शोधायला गेला.

मी बादली उचलली. आणि उलटं सारवायला लागले. कडेपासून सुरुवात केली. गडग्याला लागून गोल, मग त्याच्या आत गोल, मग त्याच्या आत. मागे सरकत होतेच, पण बाहेर नाही. आत. मला कोणी हे शिकवलं नव्हतं. असं कोणी सारवत नाही, सारवायचं काही कारणच नसतं. शेवटी माझ्या ढुंगणापुरती कोरडी जागा राहिली, अंगणाच्या बरोबर मधोमध. तिथे मी बसले. मांडी घालून.

भाऊ आले तेव्हा मी चारी बाजूंनी ओल्या शेणात होते.

"काय चाललंय हे? बाहेर ये."

माझ्या तोंडून आवाज निघाला. बारीक, पण निघाला.

"ओला हाय, भाऊ. पावला उमटतील."

त्यांना कळलं. त्यांचं तोंड बदललं, त्यावरून मला कळलं की त्यांना कळलं. पण त्यांना आत येता येईना. आत यायचं तर माझ्या सारवणात पाय घालावा लागणार, धोतर भरणार, अंगण फुटणार आणि गाड्या तर दारात. ते कडेने फिरत राहिले. "बघतो तुला," म्हणाले. हळू म्हणाले, कारण पाहुणे उतरत होते.

मला वाटलं होतं, आता सगळ्यांना दिसेल. बाई मध्ये का बसली ते कोणीतरी विचारेल. निदान मॅडम विचारतील. मी बसल्या बसल्या वाक्य जुळवत होते. आमची जागा झाडाखाली होती. मी कागदावर सावली लिहिलं होतं. माझी मुलगी हे शिकणार नाही. तीन वाक्यं. तेवढी मला जमली असती.

पाहुणे गडग्यापाशी आले आणि थांबले. कोणीतरी म्हणालं, "वा!"

मग कॅमेरे निघाले.

त्यांना तो कार्यक्रम वाटला. एक बाई शेजारणीला सांगत होती, "बघ ना, किती शांत बसली आहे. आपल्याला जमेल का असं?" मॅडम आल्या, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मावशी, अप्रतिम!" आणि भाऊ, तेच भाऊ, कडेला उभे राहून सांगायला लागले, "आमच्याकडे अशी पद्धत आहे. सारवून झालं की घरची बाई मधोमध बसते. भूमीचा आशीर्वाद घेते." आयुष्यात नसलेली पद्धत त्यांनी उभ्या उभ्या तयार केली.

मी म्हणाले, "मी दाखवायला बसलेय नाय."

कोणी ऐकलं नाही. ते लांब होते आणि माझा आवाज माझ्या गुडघ्यांपर्यंतच गेला. अंगण वाळेपर्यंत मी तिथे बसले. ऊन डोक्यावर आलं. रांजण दिसत होता. गाड्या कधी गेल्या ते मला कळलं नाही.

पुढचं थोडंच आहे. समाजमंदिराचे पत्रे आले नाहीत. वाडीने मला बोलावून विचारलं, "तुला काय मिळाला गो?" पुढच्या पावसाळ्यानंतर वाडीतलीच दुसरी बाई सारवायला गेली. तिला मी दोष देत नाही, तिच्या घरात चूल पेटायची होती. उंडीचं झाड आतच आहे. आम्ही उन्हातच बसतो. माया दहावीनंतर लोट्याला पॅकिंगला लागली. कंपनीच्या बसने जाते. हातमोजे देतात पण ते फाटके, तिच्या बोटांची सालं निघतात. शेणातून सुटली आणि बरं झालं, असं मी म्हणणार नाही. बरं झालेलं नाही.

आणि नवा फलक लागला. आता नुसती नावं नाहीत, मोठे रंगीत फोटो आहेत. सगळ्यांत मोठा माझा. मधोमध बसलेली मी, भोवती ओलं अंगण. खाली लिहिलंय, "अंगणात विसावलेली कोकणी स्त्री."

मी ते वाचलं. चौथी शिकले याचा मला पहिल्यांदा राग आला.

बरेच दिवस मी फलकाच्या बाजूला बघत नव्हते. मग एक दिवस एक कुटुंब त्याच्यासमोर उभं होतं, बाप पोरांना वाचून दाखवत होता. मी पाटी खाली ठेवली. गेले. म्हणाले, "ही मी हाय." पुढचं आलं नाही. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि खिशातून दहाची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. ती मी गडग्यावर ठेवली, वर दगड ठेवला आणि परत आले. घरी येऊन रडले.

दुसऱ्या खेपेला पुन्हा गेले. त्यानंतर पुन्हा. काही जण ऐकतात, बरेचसे ऐकत नाहीत, एकदोघांनी मला वेडी ठरवलं. भाऊंचा पुतण्या हाकलतो. मी जाते आणि तो चहाला गेला की परत येते. यातून झाड मिळणार नाही. भागीकाकी येणार नाही. मायाची बोटं भरून येणार नाहीत. मला ठाऊक आहे.

पण आवाज आता गुडघ्यांच्या पुढे जातो. म्हणून जोवर तो फलक तिथे उभा आहे तोवर जो कोणी त्याच्यासमोर थांबेल त्याला मी सांगणार, तो ऐको न ऐको. ही बाई मी आहे. त्या दिवशी मी विसावले नव्हते. मला बाहेर काढता येऊ नये म्हणून मी तिथे बसले होते.